वजन तेच, रेणू वेगळा: नीमन-पिक सी आजाराच्या निदानासाठी पित्ताम्लाचं स्टँडर्ड कसं बनवावं

“मशीन तर पीक दाखवतंय मॅडम, मग अडलंय कुठं?” मिरजेतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी फोनवर मला हे विचारलं तेव्हा त्यांच्यासमोर दोन महिन्यांचं बाळ होतं. कावीळ उतरत नव्हती आणि पाणथरी बोटांना लागत होती. रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्याचा रिपोर्ट ४६४ वस्तुमानाला उंच पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, दाखवत होता. शंका नीमन-पिक सी या दुर्मीळ आजाराची होती, पण ते पीक नेमकं कोणाचं हे सांगायला लागणारा खात्रीचा नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे नव्हता. अडलं होतं ते तिथं.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एक छोटी सिंथेसिस लॅब चालवते. स्टेरॉइडच्या रेणूंवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या फोननंतर आम्ही जे स्टँडर्ड, म्हणजे तो खात्रीचा नमुना, बनवायला घेतलं, त्याची कृती इथे सविस्तर देते आहे. हे लिखाण एमएस्सी करणाऱ्या मुलांसाठी, छोट्या सिंथेसिस लॅबसाठी आणि हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री विभागासाठी आहे. फ्यूम हूड, रोटाव्हॅपर, पाच दशांश स्थळांचा काटा आणि एनएमआर (रेणूची रचना दाखवणारं यंत्र) व मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) यांपर्यंत पोहोच एवढं असल्याशिवाय यात पडू नका. आणि तयार होणारी पूड मोजमापासाठी आहे, औषध म्हणून कोणालाही द्यायची नाही.

कोणता रेणू, आणि का

नीमन-पिक सी आजारात पेशीतल्या लायसोसोममध्ये (कचरा मोडणाऱ्या कप्प्यात) कोलेस्टेरॉल अडकून पडतं. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये दोष एनपीसी१ जनुकात असतो, उरलेल्यांमध्ये एनपीसी२ मध्ये. अडकलेल्या कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडेशन होऊन कोलेस्टेन-३बीटा,५अल्फा,६बीटा-ट्रायॉल तयार होतं. (आकडा कार्बनची जागा सांगतो; अल्फा म्हणजे गट रेणूच्या खालच्या बाजूला, बीटा म्हणजे वरच्या.) पुढे शरीर त्याची शेपटी कापून त्याचं पित्ताम्ल करतं, म्हणजे ३बीटा,५अल्फा,६बीटा-ट्रायहायड्रॉक्सीकोलॅनिक अॅसिड, आणि त्याला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडतं. नवजात बाळाच्या रक्ताच्या ठिपक्यात हाच ग्लायसीनचा जोड मोजून आजार ओळखता येतो, हे २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. पुढे मी आम्लाला ‘ट्रायॉल अॅसिड’ आणि जोडाला ‘ग्लायको-ट्रायॉल’ म्हणेन.

आता गोम बघा. ट्रायॉल अॅसिडमध्ये २४ कार्बन, ४० हायड्रोजन, ५ ऑक्सिजन, रेणुभार ४०८.५७. आपल्या सगळ्यांच्या पित्तात भरपूर असणाऱ्या कोलिक अॅसिडचं सूत्र अगदी हेच आणि रेणुभारही हाच. ग्लायसीन जोडल्यावर दोन्ही ४६५.६२. ऋण आयन मोडमध्ये दोन्ही ४६४.३०१८ ला दिसतात आणि फुटल्यावर दोन्हींतून ७४ चा ग्लायसीनचा तुकडा निघतो. हायोकोलिक, म्युरिकोलिक, अर्सोकोलिक यांचे ग्लायसीन जोडही ह्याच जागेवर. मास स्पेक्ट्रोमीटर कितीही महागडा असला तरी वजनावरून त्याला हे भाऊ वेगळे काढता येत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात कोणी पिवळी पूड दाखवली म्हणून व्यापारी तिला हळद म्हणत नाही, कारण मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंगही पिवळाच असतो. इथेही तसंच. कॉलममधून (रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) कोण कितव्या मिनिटाला बाहेर येतं यावरूनच ओळख पटते, आणि ते मिनिट ठरवायला अस्सल रेणू हातात असावा लागतो.

कावीळ झालेल्या बाळात हा घोटाळा आणखी वाढतो. पित्त अडल्यामुळे साधं ग्लायकोकोलिक अॅसिडच रक्तात प्रचंड वाढलेलं असतं. त्याच्या उंच पीकच्या पायथ्याशी आपलं छोटं पीक बुडून जातं, किंवा त्याच्या शेपटीलाच कोणी आजार समजून बसतं.

अजून एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. एकूण पित्ताम्लं मोजण्याचे नेहमीचे किट ३अल्फा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डीहायड्रोजिनेज या एन्झाइमवर चालतात. हे एन्झाइम ३अल्फा जागेवरचा हायड्रॉक्सिल ओळखतं, ३बीटा ओळखत नाही. आपला रेणू त्याला दिसतच नाही. एचएसडी३बी७ जनुकाच्या दोषात तयार होणारी पित्ताम्लंही ३बीटा असतात, त्यामुळे त्या आजारात बाळ पिवळंधमक असूनही एकूण पित्ताम्लांचा आकडा नॉर्मल किंवा कमी येतो. तो आकडा बघून निर्धास्त होऊ नये. उलट तिथेच शंका यायला हवी.

सुरुवातीचा माल तपासून घेणे

सुरुवात ३बीटा-हायड्रॉक्सी-५-कोलेनिक अॅसिडपासून करायची. रेणुभार ३७४.५६. ते विकत मिळतं. स्वतः बनवायचं असेल तर डुकराच्या पित्तातून मिळणाऱ्या हायोडीऑक्सीकोलिक अॅसिडचा मिथाइल एस्टर करून त्याच्या दोन्ही हायड्रॉक्सिलवर टोसिल लावतात आणि मग ओलसर डीएमएफमध्ये पोटॅशियम अॅसिटेटबरोबर तापवतात. तिसऱ्या जागेची दिशा उलटते आणि पाचव्या जागी दुहेरी बंध येतो. मी सहसा विकतच घेते, कारण आपला वेळ पुढच्या शुद्धीकरणात आणि पुराव्यात जायला हवा.

विकतच्या बाटलीवरचं लेबल हा पुरावा धरू नका. दहा मिलिग्रॅमचा प्रोटॉन एनएमआर काढा. ५.३५ पीपीएमच्या आसपास दुहेरी बंधावरचा एक प्रोटॉन दिसला पाहिजे, आणि २.० ला अॅसिटेटचा तीन प्रोटॉनचा सिंगलेट असता कामा नये. तो दिसला तर तिसऱ्या जागेवर अॅसिटेट आहे आणि तुमची सगळी वजनं चुकणार.

पहिली पायरी: दोन हायड्रॉक्सिल बसवणे

फॉर्मिक अॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून कोलेस्टेरॉलचा ट्रायॉल करण्याची कृती फीजर आणि राजगोपालन यांनी १९४९ मध्ये दिली. तीच आपल्या आम्लाला लागू पडते.

१.०० ग्रॅम कोलेनिक अॅसिड ५० मिलिच्या आरबी फ्लास्कमध्ये घ्या. ८८ टक्क्यांचं फॉर्मिक अॅसिड १० मिलि घालून ७० अंश सेल्सिअसला पाच मिनिटं ढवळा. तिसऱ्या जागेवर फॉर्मेट बसतो. मग २५ अंशांपर्यंत थंड करा आणि ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड १ मिलि थेंबाथेंबाने दहा मिनिटांत सोडा.

इथे घाई नको. फॉर्मिक अॅसिड आणि पेरॉक्साइड मिळून परफॉर्मिक अॅसिड तयार होतं; ते उष्णता सोडतं आणि वायूही. फ्लास्कला बूच लावायचं नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीचंच तापमान ३८-३९ अंशांवर जातं. कृतीत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलेलं असतं ते थंड देशातल्या खोलीचं. उन्हाळ्यात मी ही पायरी सकाळी सातला लावते आणि फ्लास्क पाण्याच्या टबात ठेवते, थर्मामीटर आत. पारा ३० च्या वर सरकला की टबात बर्फ. रात्रभर ढवळत ठेवायचं असेल तर टबाच्या तापमानावर नजर ठेवायला माणूस हवा. वीज गेली आणि स्टिरर थांबला तर पेरॉक्साइड एका जागी साठू शकतं, म्हणून सगळं पेरॉक्साइड घालून, किमान दोन तास ढवळून, तापमान स्थिर झाल्याशिवाय मी जागा सोडत नाही.

आत काय घडतं ते समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. आधी ५,६ बंधावर इपॉक्साइड बनतं. मग फॉर्मिक अॅसिड ते उघडतं, आणि उघडताना दोन्ही ऑक्सिजन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना, उभ्या जागांवर बसतात: पाचव्यावर अल्फा, सहाव्यावर बीटा. इपॉक्साइड अल्फा बनो की बीटा, शेवटी हाच ट्रायॉल मिळतो. म्हणून ही जुनी कृती मला आवडते. इपॉक्साइडचे दोन भाऊ वेगळे करण्यात जीव घालवावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मिश्रण १५ मिलि गरम पाण्यात ओता, ढवळत थंड होऊ द्या. पांढरा घट्ट माल खाली बसतो. बुखनर फनेलवर गाळून पाण्याने भरपूर धुवा. धुतलेलं शेवटचं पाणी पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर टाका. कागद निळा होईल तोवर पेरॉक्साइड शिल्लक आहे असं समजा. वरचं गाळलेलं पाणी हूडमध्ये थोडं थोडं सोडियम सल्फाइट घालून मारा, तेव्हा सल्फर डायऑक्साइडचा वास येतो. ह्या भांड्यांच्या जवळपासही अॅसिटोनची बाटली आणू नका. काच धुवायला अॅसिटोन घ्यायची सवय आपल्या हातांना असते, पण पेरॉक्साइड, आम्ल आणि अॅसिटोन यांतून स्फोटक पदार्थ तयार होतो.

मिळालेल्या मालात तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर फॉर्मेट असतात, ते काढायचे. २० मिलि मिथेनॉल, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड १ ग्रॅम ४ मिलि पाण्यात विरघळवून, आणि तासभर रिफ्लक्स.

माझी पहिली बॅच इथेच बिघडली. मी हे हायड्रॉलिसिस थंडच, अर्धा तास केलं होतं. टीएलसीच्या (पातळ थरावर मिश्रण वेगळं करण्याच्या चाचणीच्या) प्लेटवर एकच ठिपका दिसला. माझ्याबरोबर काम करणारा मुलगा आनंदाने म्हणाला, “मॅडम, एकच ठिपका आलाय की!” आम्ही दोघांनीही तो खरा धरला. तीन दिवसांनी मासचा रिपोर्ट आला: ४०७ च्या जोडीला ४३५. म्हणजे २८ जास्त, एक फॉर्मेट अजून चिकटलेला. तिसऱ्या जागेवरचा फॉर्मेट आडवा आणि मोकळा असतो, तो लगेच सुटतो. सहाव्यावरचा उभा आणि गर्दीत अडकलेला, त्याला वेळ आणि उष्णता दोन्ही लागतात. आमच्या प्लेटवर द्रावकाची जोडी दोन्ही ठिपके वेगळे करायला पुरेशी नव्हती.

तेव्हापासून मी टीएलसी डायक्लोरोमिथेन ९ भाग, मिथेनॉल १ भाग आणि दोन थेंब अॅसेटिक अॅसिड यांत चालवते, आणि अर्ध्या तासाने घेतलेला नमुना शेजारच्या रांगेत मुद्दाम लावते. पित्ताम्लं यूव्ही दिव्याखाली दिसत नाहीत, त्यांच्यात प्रकाश शोषणारं काही नसतं. प्लेट फॉस्फोमॉलिब्डिक अॅसिडच्या १० टक्के द्रावणात बुडवायची, पुसायची आणि हॉट प्लेटवर धरायची. आधी सगळं पिवळं. मग कडेकडेने रंग चढायला लागतो आणि पिवळ्या जमिनीवर निळसर-हिरवा ठिपका उमटतो. दोन ठिपके एकमेकांना चिकटलेले असतील तर खालच्याच्या डोक्यावर फिकट टोपी दिसते. ती टोपी दिसतेय तोवर रिफ्लक्स थांबवायचा नाही.

मिथेनॉल उडवा, पाणी घाला, थंड करून पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडने पीएच २ ते ३ वर आणा. ट्रायॉल अॅसिड पांढरं खाली बसतं. गाळा, धुवा, मिथेनॉल आणि इथिल अॅसिटेटमधून पुन्हा स्फटिक करा. एक ग्रॅमवर जास्तीत जास्त १.०९ ग्रॅम मिळू शकतं. माझ्या हाताला साधारण तीन चतुर्थांश लागतं.

दुसरी पायरी: ग्लायसीन जोडणे

इथे दोन बॅच करायच्या. एक साध्या ग्लायसीनची, जे आपण मोजणार आहोत. दुसरी जड ग्लायसीनची, जी अंतर्गत स्टँडर्ड म्हणून प्रत्येक नमुन्यात सारख्या प्रमाणात टाकायची.

जड ग्लायसीन घेताना दोन्ही कार्बन कार्बन-१३ चे आणि नायट्रोजन नायट्रोजन-१५ चा (जड समस्थानिकं) असलेलं घ्या. वजन ३ ने वाढतं. दोन ड्यूटेरियमवालं स्वस्त मिळतं, पण त्याने वजन फक्त २ ने वाढतं, आणि २६ कार्बनच्या साध्या रेणूचीही निसर्गतः दोनने जड असलेली काही टक्के प्रत असतेच. ती तुमच्या अंतर्गत स्टँडर्डच्या पीकमध्ये मिसळेल. तिन्ही जड अणू ग्लायसीनमध्ये असण्याचा आणखी एक फायदा: फुटल्यावर साध्या जोडाचा तुकडा ७४ ला आणि जडाचा ७७ ला येतो. ४६४ मधून ७४, ४६७ मधून ७७. एकाची सावली दुसऱ्यावर जवळजवळ पडत नाही.

जोडण्यासाठी ईईडीक्यू हा अभिकर्मक वापरा. ‘एन-इथॉक्सीकार्बोनिल-२-इथॉक्सी-१,२-डायहायड्रोक्विनोलीन’ असं त्याचं लांबलचक नाव. पित्ताम्लांना ग्लायसीन आणि टॉरीन जोडायची त्याची सुधारित कृती १९७७ पासून वापरात आहे. तो हायड्रॉक्सिलना हात लावत नाही, त्यामुळे तीनपैकी एकही झाकून ठेवावा लागत नाही.

साधी बॅच: ट्रायॉल अॅसिड २०० मिलिग्रॅम, ग्लायसीन मिथाइल एस्टर हायड्रोक्लोराइड ७४ मिलिग्रॅम, ईईडीक्यू १६० मिलिग्रॅम, इथिल अॅसिटेट १० मिलि. शेवटी ट्रायइथिलअमाइन ८२ मायक्रोलिटर. अमाइन आधी घालून ठेवलं तर मोकळा झालेला ग्लायसीन एस्टर आपसातच जुळायला लागतो. रात्रभर रिफ्लक्स. सुरुवातीला गढूळ असतं; तापल्यावरही विरघळलं नाही तर १ मिलि डीएमएफ घाला.

जड बॅचमध्ये मात्र हिशेब उलटा. इथे महाग वस्तू ग्लायसीन आहे, ट्रायॉल अॅसिड घरचं आहे. म्हणून ग्लायसीन एस्टर एक भाग आणि ट्रायॉल अॅसिड १.२ भाग घ्या. उरलेलं ट्रायॉल अॅसिड नंतर धुऊन निघतं आणि परतही मिळतं. जड ग्लायसीनचा एस्टर आधी स्वतः बनवावा लागतो: १०० मिलिग्रॅम, २ मिलि कोरडं मिथेनॉल, बर्फात ठेवून थायोनिल क्लोराइड ०.२ मिलि थेंबाथेंबाने, मग दोन तास रिफ्लक्स आणि उडवून कोरडं करणं. हे हूडमध्येच, कारण हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही निघतात.

दोन्ही बॅचचं वर्कअप सारखं. सेपरेटिंग फनेलमध्ये इथिल अॅसिटेटचा थर आधी पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडने धुवा. ईईडीक्यूपासून सुटलेलं क्विनोलीन त्यात जातं, त्याचा उग्र वास हाताला राहतो म्हणून हातमोजे बदला. मग सोडियम कार्बोनेटच्या द्रावणाने धुवा. न जुळलेलं ट्रायॉल अॅसिड पाण्यात उतरतं आणि आपला एस्टर वर राहतो. मग पाणी, मिठाचं पाणी, सोडियम सल्फेट, रोटा.

एस्टर तोडायला ४ मिलि मिथेनॉल आणि १ मोलर लिथियम हायड्रॉक्साइड १ मिलि, खोलीच्या तापमानाला दोन-तीन तास. हे सौम्यच ठेवा. ग्लायसीनचा अमाइड बंध एवढ्याने तुटत नाही, पण उकळत्या तीव्र अल्कलीत रात्रभर ठेवला तर तुटेल आणि केलेलं काम परत फिरेल.

तिसरी पायरी: शुद्धीकरण

आम्ल घालून पीएच २ वर आणल्यावर ग्लायको-ट्रायॉल कधी पूड होऊन बसतं, कधी खळीसारखा लगदा होतो आणि गाळणी तुंबते. लगदा झाला तर भांडत बसू नका. पाण्यात पातळ करून सी१८ कार्ट्रिजवर चढवा, पाण्याने मीठ धुऊन काढा आणि मिथेनॉलने उतरवा. शेवटचं शुद्धीकरण सी१८ कॉलमवर पाणी-मिथेनॉलचं प्रमाण हळूहळू बदलत करा, ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिड घालून. यूव्ही डिटेक्टरच्या भरवशावर राहिलात तर फसाल. प्रत्येक नळीतला थेंब प्लेटवर टाका किंवा बाष्पीभवनी प्रकाश-विकिरण डिटेक्टर जोडा.

गोळा केलेल्या नळ्या ४० अंशांखालीच उडवा. मिथेनॉल, आम्ल आणि उष्णता एकत्र आली की आपल्या मालाचा पुन्हा मिथाइल एस्टर होतो. मिथेनॉल गेलं की उरलेलं पाणी गोठवून फ्रीज ड्रायरवर. हलकी, कापसासारखी पांढरी पूड हातात येते.

चौथी पायरी: हा तोच रेणू आहे हे सिद्ध करणे

माझ्या मते निम्मं काम इथून पुढे आहे. मासने ४६४.३०१८ दिलं म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही, कारण ग्लायकोकोलिकही तेच देईल. एनएमआर लागतो. सांगलीहून आम्ही नमुने पुण्याला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) किंवा मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात पाठवतो.

ड्यूटेरो-मिथेनॉलमध्ये हे बघा. ५.३५ ची जागा पूर्ण रिकामी. ०.७ च्या आसपास १८ क्रमांकाच्या मिथिलचा सिंगलेट. १.०० च्या आसपास असलेला १९ क्रमांकाचा मिथिल सरकून १.१५ च्या पुढे आलेला. सहाव्या जागेचा बीटा हायड्रॉक्सिल त्याच्या तोंडासमोर असल्याची ही खूण. तिसऱ्या जागेचा प्रोटॉन ४.० ला रुंद, सहाव्याचा ३.५ च्या जवळ अरुंद. ३.९ ला ग्लायसीनचे दोन प्रोटॉन. कार्बन एनएमआरमध्ये पाचवा आणि सहावा दोन्ही ७६ च्या आसपास. कोलिक अॅसिडचं चित्र याहून स्पष्टपणे वेगळं असतं: तिसऱ्याचा प्रोटॉन ३.४ ला, सातव्याचा ३.८ ला आणि बाराव्याचा ३.९५ ला.

जड बॅचमध्ये ग्लायसीनचा सिग्नल कार्बन १३ मुळे सुमारे १४० हर्ट्झने दुभंगतो. ५०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर त्याची एक बाजू तिसऱ्या जागेच्या प्रोटॉनवर जाऊन बसते. घाबरू नका, पण तिथे क्षेत्रफळही मोजू नका.

मग कॉलमवरची परीक्षा. आपलं स्टँडर्ड एकटं, ग्लायकोकोलिक एकटं, आणि दोन्ही मिळून, अशी तीन इंजेक्शनं. मिसळलेल्यात दोन पीक पायथ्यापर्यंत सुटे झाले पाहिजेत. नंतर ग्लायकोकोलिक शंभरपट जास्त घालून पुन्हा, कारण कावीळ झालेल्या बाळाचं रक्त असंच असतं. ग्लायको-हायोकोलिक मिळालं तर तेही लावा. जड बॅच एकटी इंजेक्ट करून ४६४ मधून ७४ च्या खिडकीत डोकवा. तिथे पीक दिसलं तर साधं ग्लायसीन शिल्लक आहे, आणि तुमचं अंतर्गत स्टँडर्डच निरोगी बाळाला आजारी ठरवेल.

पाचवी पायरी: पुडीत माल किती

एचपीएलसी (कॉलमवरची तपासणी) ९९ टक्के म्हणतं, तेव्हा त्याचा अर्थ दिसणाऱ्या गोष्टींपैकी ९९ टक्के. पाणी, मीठ, सिलिका, द्रावक त्याला दिसत नाहीत. आणि पित्ताम्लांना पाण्याची ओढ मोठी. आमच्याकडे जुलैत पूड काट्यावर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो.

म्हणून क्वांटिटेटिव्ह एनएमआर करा. समजा १२.४० मिलिग्रॅम पूड आणि ९९.९ टक्के शुद्ध मॅलेइक अॅसिड १०.०० मिलिग्रॅम एकाच नळीत विरघळवलं. मॅलेइकचा रेणुभार ११६.०७, म्हणजे ०.०८६०७ मिलिमोल. त्याचा सिग्नल ६.३ च्या आसपास, दोन प्रोटॉनचा. प्रत्येक प्रोटॉनमागे क्षेत्रफळाचं गुणोत्तर ०.२९३ आलं, तर आपला माल ०.०२५२२ मिलिमोल, म्हणजे ११.७४ मिलिग्रॅम. १२.४० ने भागलं की ९४.७ टक्के. दोन पल्समधला थांबा सर्वांत सुस्त प्रोटॉनच्या टी१ च्या (पूर्ववत होण्याच्या वेळेच्या) पाचपट तरी ठेवा. मी ६० सेकंद ठेवते. मॅलेइक अॅसिड मिथेनॉलशी हळूहळू जुळतं, म्हणून मोजणी त्याच दिवशी.

साध्या बॅचमध्ये १८ च्या मिथिलवरून आणि ग्लायसीनवरून, असा दोनदा हिशेब करा. ग्लायसीनचा आकडा जास्त आला तर मोकळं ग्लायसीन किंवा त्याचा एस्टर उरला आहे. जडासाठी फक्त मिथिल वापरा आणि रेणुभार ४६८.६ घ्या.

सहावी पायरी: द्रावण आणि साठवण

कुपी फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही. थंड पुडीवर पावसाळी हवा लगेच पाणी धरते. ४.९२ मिलिग्रॅम तोला. गुणिले ०.९४७, म्हणजे खरा माल ४.६६ मिलिग्रॅम. १० मिलिच्या फ्लास्कमध्ये मिथेनॉलने भरा: १.००१ मिलिमोलर. शुद्धतेचा गुणाकार विसरलात तर तुम्ही त्याला १.०५७ म्हणाल आणि पुढच्या प्रत्येक बाळाचा आकडा त्याच प्रमाणात चुकेल. कॅलिब्रेशनसाठी एक आणि क्वालिटी कंट्रोलसाठी दुसरं, असं स्वतंत्र वजन करा. दोन्ही द्रावणं एकमेकांशी ५ टक्क्यांच्या आत जुळली तरच पुढे जा. नाहीतर दोन्ही टाकून नव्याने तोला.

तपकिरी कुपी, उणे २० अंश किंवा त्याखाली. ठेवण्याआधी द्रावणासकट कुपीचं वजन लेबलवर लिहा. पुढच्या वेळी वजन घटलेलं दिसलं तर मिथेनॉल उडून द्रावण दाट झालं आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्याकडे वीज येत-जात होती आणि फ्रीजरमधली द्रावणं कितीदा वितळली ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आम्ही ती सगळी टाकून दिली. कोरडी पूड मात्र पुन्हा तपासल्यावर चांगली निघाली. तेव्हापासून साठा पुडीचाच, द्रावण लागेल तसं आणि थोडं.

ही कृती कुठे चालत नाही

एचएसडी३बी७ दोषाची स्टँडर्डं हवी असतील तर हा रस्ता धरू नका. त्या रेणूंत सातव्या जागेवरचा हायड्रॉक्सिल दुहेरी बंधाच्या शेजारी असतो आणि आम्लात तो पाण्याच्या रूपाने निघून जातो. गरम फॉर्मिक अॅसिडमध्ये ते टिकणारच नाहीत. तिथे सगळं वर्कअप थंड आणि जेमतेम आम्लधर्मी ठेवावं लागतं. सेरिब्रोटेन्डिनस झॅन्थोमॅटोसिससाठी लागणारं टेट्रॉलचं ग्लुक्युरोनाइड हे तर साखर जोडायचं वेगळंच काम आहे. ते दोन्ही आजार मी मुद्दाम सांगते आहे, कारण त्यांवर औषध आहे. पहिल्यावर कोलिक अॅसिड, दुसऱ्यावर चेनोडीऑक्सीकोलिक अॅसिड. वेळेत ओळखले तर मूल वाचतं, चालतं, शाळेत जातं.

स्टँडर्ड पाठवताना

पूड ५ मिलिग्रॅमच्या कुप्यांत भरून पाठवा. सोबतच्या कागदावर बॅच क्रमांक, तारीख, एनएमआरने काढलेला टक्का आणि त्यातली अनिश्चितता, पाण्याचा टक्का, जडामध्ये साध्याचा अंश, आणि एनएमआरचं चित्र. नुसता ‘शुद्धता ९९ टक्के’ असा शिक्का मारलेला कागद मी स्वतः कोणाकडून घेत नाही, म्हणून कोणाला देतही नाही.

कागदावर एक ओळ डॉक्टरांसाठीही लिहा: हा जोड अॅसिड स्फिंगोमायलिनेज या एन्झाइमच्या कमतरतेतही वाढू शकतो, त्यामुळे पीक पक्कं झालं तरी एनपीसी१ आणि एनपीसी२ ची जनुकीय तपासणी करूनच निदान लिहावं. ते झालं की कुटुंबाला मुंबईच्या केईएमसारख्या केंद्राकडे पाठवता येतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली अशा केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळण्याची सोय आहे. मिग्लुस्टॅट हे औषध आधीपासून वापरात आहे आणि २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी आणखी दोन औषधांना मान्यता मिळाली.

मिरजेच्या त्या डॉक्टरांना तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा फोन आला तेव्हा आमच्या दोन कुप्या तिथे पोहोचून चार दिवस झाले होते. आमचं स्टँडर्ड ज्या मिनिटाला उतरत होतं, बाळाचं पीक त्याच्या दीड मिनिट आधी येत होतं, ग्लायकोकोलिकच्या जागेवर. आमच्या मिनिटाला बाळाच्या रक्तात काही नव्हतं. डॉक्टरांनी त्याच दुपारी नीमन-पिकचा विचार बाजूला ठेवला आणि काविळीची दुसरी कारणं शोधायला सुरुवात केली.